शेवटचा हात

फारूकचाचांच्या कारखान्यात एक नियम होता, कारखान्याच्या पत्र्याइतकाच जुना. शेवटचा हात ज्याचा, पातं त्याचं. म्हणजे सुरी घडवू दे कुणीही, घासू दे कुणीही. पण शेवटी तिला पुसून, तेल-मेण लावून, कागदात गुंडाळून जो खोक्यात ठेवील, त्याच्यानंतर तिच्या पात्याला गिऱ्हाइकाशिवाय कुणी बोट लावायचं नाही. खुद्द चाचांनीसुद्धा नाही. बघायचं तर डोळ्यांनी बघा. आणि अकरा वर्षं तो शेवटचा हात जयमालाचा होता, दुसऱ्या कुणाचा नाही.

कारखाना म्हटल्यावर चाकणसारखं मोठं गेट नि वॉचमन डोळ्यांसमोर आणू नका. कासारवाडी स्टेशनच्या मागे एका बोळात पत्र्याची लांबट शेड, एक भट्टी, दोन मोटारी आणि कोपऱ्यात ट्रकच्या जुन्या कमानींचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगांचा, ढीग. भंगारातल्या त्या कमानीच्या पट्ट्या तापवून, ठोकून चाचा सुऱ्या करायचे. बाजारात चकचकीत सुरी चहा-वड्याच्या पैशात मिळते, मग ह्यांच्याकडे कोण मरायला येतं, असं तुम्हांला वाटेल. येतात बाबा, लांबून लांबून येतात. चाचांच्या सुरीनं पिकलेला टोमॅटो कापून बघा, मग बोला. फक्त एक खोड. हे लोखंड स्टेनलेस नव्हे. पाण्याचा थेंब राहिला, मीठ लागलं, घामाचं बोट लागलं, की दोन दिवसांत लाल पडलंच. म्हणून तर शेवटच्या हाताला एवढा मान.

आता गंमत ऐका. पात्याला गंजापासून वाचवायचं काम जिच्याकडे, त्या जयमालाचा स्वतःचाच हात गंजका होता.

हसू नका. बेअरिंगच्या कंपनीत काम केलेल्या कुणालाही विचारा. काही माणसांचा घामच तसा असतो, लोखंडाला लागला की खातो. जयमाला लग्न होऊन पिंपळे सौदागरच्या जुन्या गावठाणात आली, तेव्हा तिकडे अजून वांग्याची वावरं होती. पुढे सोसायट्या झाल्या, वावरं गेली, आणि ती चाकणला एका कंपनीत बेअरिंगच्या पॅकिंगला लागली. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरनं नव्या बायकांना एकेक कडी मुठीत घट्ट धरायला लावली, मग ज्याची त्याची कडी ओल्या कापसाबरोबर पिशवीत बंद करून ठेवली. दोन दिवसांनी पिशव्या उघडल्या. सगळ्यांच्या कड्या लखलखीत, आणि जयमालाच्या कडीवर चार बोटं लालेलाल उठलेली. "हिचा हात गंजका आहे, हिला पॅकिंगला ठेवू नका," सुपरवायझर सगळ्या लाइनदेखत म्हणाला. तिला झाडूकामाला टाकलं. तिसऱ्या दिवशी तिनं कंपनीच सोडली.

घरी सासूबाईंना, अंबुबाईंना, आयतंच कोलीत मिळालं. "मला ठावंच व्हतं. माज्या लोणच्याला बुरा काय उगाच आला व्हता व्हय? तुज्या हाताला गुण न्हाई, पोरी." त्या सालापासून कैऱ्या फोडायच्या जयमालानं, मसाला भाजायचा जयमालानं, पण बरणीत हात घालायचा तो धाकट्या जावेनं. जयमाला उंबऱ्याशी बसून बघायची.

अशी ही बाई कुणाच्या तरी ओळखीनं चाचांकडे आली. पहिल्याच महिन्यात दोन गोष्टी झाल्या. फिरत्या चाकाला लागून तिचा उजवा अंगठा आडवातिडवा फाटला, त्याची तिरकी खूण कायमची राहिली. आणि अंगठा बरा झाल्यावर तिनं पहिलं पातं पुसून ठेवलं, ते चार दिवसांत डागाळलं. चाचा ओरडले नाहीत. त्यांनी ते पातं उचललं, भट्टीत टाकलं आणि टेबलावर पांढऱ्या सुती हातमोज्यांचा जोड ठेवला. "हात वाईट नसतो, बाई. झाकून ठेव म्हणजे झालं."

तिनं झाकून ठेवला. अकरा वर्षं. त्या हातमोज्यांतून ती असं काम शिकली की चाचांनीही मान डोलवावी. जाड पॉलिश पेपरपासून अगदी रेशमासारख्या कागदापर्यंत पातं घासायचं, सगळे ओरखडे एकाच दिशेला. मग कडक कोऱ्या चहात बुडवून ठेवायचं. त्यानं पात्याला काळसर निळा थर चढतो. चाचा त्याला चांगला गंज म्हणायचे. हा आधी येऊन बसला की वाईटाला जागा मिळत नाही. मग गरम पाण्यानं धुवायचं, भट्टीच्या धगीला धरून कोरडं ठणठणीत करायचं, नखाएवढं जवसाचं तेल, त्यावर मेण, आणि पुन्हा पुसायचं. इतकं पुसायचं की लावलेलं काही दिसूच नये. जयमालाच्या हातचं पातं कधी परत आलं नाही. चाचा ते डोळ्यांजवळ धरून म्हणायचे, "बरं झालंय." चाचांच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघतच नाही, अशी तिची पक्की समजूत होती. त्या 'बरं झालंय'वर ती घरी तरंगत चालत जायची आणि सासूचं बोलणं कानाआड करायची.

मग कशफ आली.

कशफ म्हणजे चाचांच्या बहिणीची पोरगी, लातूरची, केमिस्ट्रीत बी.एस्सी. झालेली. नोकरी शोधायला म्हणून मामाकडे राहिली, नि सहज म्हणून शेडमध्ये येऊन बसायला लागली. आधी चहा उकळायची, मग पाती घासायची, मग एक दिवस सरळ उघड्या हातानं तयार पातं उचलून मेण लावायला लागली.

"अगं ए, हातमोजे घाल!" जयमाला ओरडली.

"घालते ना ताई," म्हणाली आणि विसरली.

जयमालानं मनातल्या मनात दिवस मोजले. एक झाला, दोन झाले. चौथ्या दिवशी तिनं कागदाचं टोक उचलून बघितलं. पातं आरशासारखं. आठव्या दिवशी बघितलं, तसंच. कशफचे तळवे पापडासारखे कोरडे, भर उन्हाळ्यातसुद्धा घाम म्हणून नाही. चाचांनी ते पातं बघितलं आणि म्हणाले, "बरकत आहे हो पोरीच्या हाताला."

बरकत! अकरा वर्षांत जयमालाच्या वाट्याला 'बरं' आलं आणि या पोरीला आठव्या दिवशी 'बरकत'. जयमालाच्या पोटात जी कळ उठली ती काही केल्या जाईना. खोटं कशाला बोलायचं, मत्सरच होता तो, निव्वळ मत्सर. नव्याचे नऊ दिवस, असं तिनं स्वतःला समजावून बघितलं. नऊ झाले, नव्वद झाले. पोरगी जेवायला बसली तरी जयमालाची नजर तिच्या बोटांवर. भाकरी मोडते ती बोटं, केस मागे सारते ती बोटं, आणि तीच बोटं पुन्हा पात्यावर, उघडी, बिनघोर. घरी जाऊन जयमाला आपला हात दिव्याखाली धरून बघायची. हात हातासारखाच दिसायचा मेला.

बरं, कशफ वाईट असती तर निदान चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. तीही सोय नव्हती. "ताई, तुम्ही कसं पुसता ते दाखवा ना," "ताई, कागदाची घडी तुमच्यासारखी येत नाही." आणि ईदेला शीरखुर्म्याचा डबा आधी ताईंना. जयमालानं घडी शिकवली, पुसायचं शिकवलं, सगळं शिकवलं. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होती आणि वर 'असं नाही, असं' म्हणत होती.

श्रावणात सहा सुऱ्यांचं काम आलं. पिंपळे सौदागरच्या मोनिकामॅडम, मोठमोठ्या समारंभांची जेवणं करणाऱ्या. त्यांनी सहाही स्वतः येऊन न्यायचं ठरवलं होतं. चाचांनी महिनाभर घाम गाळून सहा पाती घडवली, अशी की बघत राहावीत. आणि मग जयमालाला म्हणाले, अगदी सहज, भट्टीत कोळसा सारता सारता:

"या सहांना शेवटचा हात कशफ देईल. तू चहापर्यंतचं बघ."

चहापर्यंतचं बघ! तिच्या कानशिलांतून धूर निघायचा बाकी राहिला. ती "बरं" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? रात्री घरी भात करपला, तर अंबुबाई म्हणाल्या, "हात म्हन्ते मी, हात!" त्या दिवशी जयमाला पहिल्यांदा सासूवर उलटून ओरडली.

मंगळवारी कशफनं सहाही पाती पुरी केली, गुंडाळली, खोक्यात मांडली. दुपारी चाचा नमाजाला गेले आणि कशफ आजारी आईशी फोनवर बोलायला बाहेर बोळात गेली. शेडमध्ये जयमाला आणि ते खोकं. पत्रा तापलेला, हवा कोंदट, हातमोज्यांत हात भिजून चिंब.

तिनं कडेचं सहावं पातं उचललं. कागद उलगडला. रॉकेलच्या बोळ्यानं मधोमध रुपयाएवढं मेण पुसून काढलं. उजवा हातमोजा दातांनी ओढून काढला, आणि अंगठा टेकवला. नुसता टेकवला नाही, दाबला. मनात दहा आकडे मोजले. मग पुन्हा कागद गुंडाळला, त्याच घडीवर घडी. घडी तिचीच तर होती, तिनंच शिकवलेली.

एवढं करून झाल्यावर तिला बरं वाटलं. हो, बरं वाटलं, पश्चात्ताप वगैरे काही नाही. शनिवारी मॅडम न्यायला येतील, खोकं उघडेल, पोरीच्या बरकतीचं पितळ उघडं पडेल, आणि चाचा म्हणतील, जयमाला, तुझ्याशिवाय दुसऱ्याचा हात नको गं. हे वाक्य ती तीन दिवस जिभेवर घोळवत होती.

गुरुवारी कशफ तिच्यापाशी येऊन बसली. "ताई, सहाही एकदा बघाल का? मला धाकधूक होतीय. मोठं काम आहे. काही चुकलं असलं तर तुम्हांलाच दिसेल."

गंज तेव्हा नुकता धरत असणार. थोडं तेल, थोडी राख, पाच मिनिटांचं काम. जयमालाला ते ठाऊक होतं.

"शेवटचा हात तुझा," ती म्हणाली. "नियम म्हणजे नियम. मी कशी बोट लावू?"

शनिवारी सकाळी चाचांनी खोकं पुढ्यात घेतलं. मोनिकामॅडम दुपारी यायच्या होत्या. चाचा एकेक पातं मुठीला धरून कागद सोडत, उजेडात फिरवत आणि बाजूला ठेवत. पाच झाली. पाचही नजर लागावी अशी. सहाव्याचा कागद सुटला आणि चाचा थांबले.

मधोमध अंगठा उठला होता. लाल, ठसठशीत, एकही रेघ चुकलेली नाही. तलाठ्याच्या कागदावरसुद्धा इतका नीट उठत नाही. आणि त्या भोवऱ्यातून खालून वर गेलेली एक तिरकी कोरी पट्टी.

जयमालाला ती पट्टी आधी दिसली. आपण अंगठा दिला तेव्हा अंगठ्याबरोबर सहीसुद्धा दिली, हे त्या क्षणापर्यंत तिच्या डोक्यात आलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिनं हातमोज्यातली मूठ पदराखाली घेतली.

कशफ पांढरीफटक. "मामू, मैंने तो... मी पुसलं होतं. आईशपथ, पुसलं होतं." बोलता बोलता ती वाकली, पात्याकडे बघितलं, आणि तिची नजर त्या तिरक्या पट्टीवर थांबली. मग तिनं मान वर केली आणि जयमालाच्या पदराकडे बघितलं. फार नाही, क्षणभरच.

चाचांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पातं नाकाला लागेल इतकं जवळ घेतलं. आता ओरडतील. आता म्हणतील, गेली बरकत. जयमाला वाट बघत होती.

चाचा हसले.

"या अल्ला, काय अंगठा उठलाय!" ते म्हणाले. "घाबरलीस होय गं? अगं, शंभरात एक जातंच. माझी किती गेली, गणती नाही. रडतेस काय, वेडे? मॅडमना आज पाच देऊ, सहावं मी ठोकतो नवं." मग ते पातं पुन्हा उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. "हे विकायचं नाही. भट्टीतही टाकायचं नाही. तिकडे माझ्या उस्तादांची सुरी लावलीय ना, तिच्याशेजारी लावायचं. माझ्या पोरीचा पहिला अंगठा."

"नको मामू," कशफ घाईघाईनं म्हणाली. "मी घासून टाकते. आत्ता घासते."

"खबरदार. जयमाला, मेण आण. हे काम तुझंच. असं मेण लाव की गंज पुढे सरकायला नको आणि खूणही पुसायला नको. ते तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

बघा, हवं होतं ते वाक्य अखेर आलं. पण कशासाठी आलं? पोरीचा अंगठा जपण्यासाठी!

जयमालानं मेणाची डबी आणली. झाकण उघडलं. बोळा मेणात फिरवला. पात्यावर वाकली, नि तिचा हात तिथंच अडला. अकरा वर्षांपूर्वी तिचं पातं डागाळलं तेव्हा ते भट्टीत गेलं होतं, आणि तिला हातमोजे मिळाले होते. हिचं पातं भिंतीवर जाणार, उस्तादांच्या शेजारी. 'शंभरात एक जातंच' हे तेव्हा तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे हिचं पातं हिचं नव्हतंच. हा गंजसुद्धा जयमालाचा, घाम तिचा, खूण तिची, अन् नाव कशफचं. गप्प राहिली असती तर सुटली होती. कशफ बोलणार नव्हती, चाचांना दिसत नव्हतं. फक्त मेण लावायचं होतं. पण माणसाचं पोट एकदा जळायला लागलं की त्याला स्वतःचा फायदासुद्धा कळत नाही.

"तो अंगठा माझा आहे!" जयमाला ओरडली.

इतक्या जोरात की बोळातून जाणारा एक भाजीवाला थबकला.

"माझा आहे, माझा! हिचा कुठला? हिला कुठं उठतोय असा? बघा, बघा की!" तिनं हातमोजा ओरबाडून काढला, डबीशेजारी फेकला आणि अंगठा त्या लाल खुणेशेजारी धरला. अंगठ्यावरची तिरकी रेघ आणि पात्यावरची तिरकी पट्टी.

चाचांनी पातं बघितलं, अंगठा बघितला, पुन्हा पातं बघितलं. समजायला त्यांना वेळ लागला. समजलं तेव्हा ते स्टुलावर बसले. जयमालाला वाटलं, एक थोबाडीत मारली तर बरं होईल.

"मेण पुसून अंगठा लावलास?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कशानं पुसलंस?"

"रॉकेलनं."

"कधी?"

"मंगळवारी. तुम्ही नमाजाला गेलता तेव्हा."

चाचांनी मान हलवली. मग हात पुढे करून तिचा तो उघडा हात आपल्या हातात घेतला आणि उलटासुलटा करून बघितला. अकरा वर्षांत त्यांनी तो नीट बघितलाच नव्हता. "मी झाकायला सांगितला," ते म्हणाले, "ते बरं केलं नाही बहुतेक." आणि हात सोडून दिला. जयमाला तेव्हा रडली, तोवर नव्हती रडली.

पण चाचा म्हणजे चाचा. नियम त्यांचा होता.

"आजपासून सगळ्या पात्यांना शेवटचा हात कशफचा," ते म्हणाले. "घासायचं तू, चहा तुझा, धग तुझी. खोक्याला मात्र तू शिवायचं नाही." मग त्यांनी ते सहावं पातं तिच्यापुढे सरकवलं. "हे तुझं. शेवटचा हात ज्याचा, पातं त्याचं. भिंतीवर लावीन म्हणालो होतो, लावणारच. मेण लाव."

तिनं लावलं. कशफनं खिळा ठोकला.

ते पातं अजून तिथं आहे, उस्तादांच्या सुरीशेजारी. नवं गिऱ्हाईक आलं की नजर तिकडेच जाते. एवढ्या लखलखीत पात्यांमध्ये गंजलेलं पातं भिंतीवर कशाला टांगलंय, असं हमखास विचारतं. जयमाला तेव्हा खाली मान घालून पात्यावर पॉलिश पेपर घासत असते. उत्तर कशफ देते, दरवेळी तेच, कुणालाही न चुकता.

"तो आमच्या जयमालाताईंचा अंगठा आहे."

ती हे मायेनं सांगते की सूड म्हणून, हे जयमालाला आजवर उमगलेलं नाही, आणि विचारायची तिची छाती होत नाही. उघड्या कोरड्या हातांनी कशफ खोकी भरते, चाचा 'बरकत' म्हणतात, आणि जयमालाच्या पोटात अजूनही तीच कळ उठते. मत्सर काय असा एका ओरडण्यानं जातो थोडाच.

मात्र महिन्याच्या पहिल्या तारखेला, कामाला हात घालायच्या आधी, ती स्टुलावर चढून ते पातं खाली काढते. हातमोजे घालते, जुनं मेण पुसते, नखाएवढं तेल फिरवते, त्यावर नवं मेण, आणि पुसते, पुसते, लावलेलं काही दिसू नये इतकं पुसते. तेवढ्या एका पात्याला शेवटचा हात तिचा असतो. दोन पावसाळे झाले, तो गंज केसभरही पुढे सरकलेला नाही.